गॅस आला, पण चूल सुटली नाही: घरातला धूर आणि लेकरांचा न्यूमोनिया

तुराटी
आपल्याकडं आता गॅसचं कनेक्शन नसलेलं घर शोधावं लागतं, पण चूल पार थंड पडलेलं घर त्याहून अवघड सापडतं. चहा, खिचडी, पाहुण्याचं जेवण गॅसवर. भाकरी, अंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण चुलीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरं स्वच्छ इंधन वापरताना दिसतात. पण तिथं प्रश्न 'मुख्य इंधन कोणतं' असा असतो. सोबतीची चूल त्या आकड्यात येतच नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, घरातल्या धुरामुळं ५ वर्षांखालच्या लेकरांना न्यूमोनियासारख्या संसर्गाचा धोका जवळपास दुप्पट होतो. माझे प्रश्न दोन. चूल अर्धी बंद केली तर धोका अर्धा होतो का? आणि पूर्ण बंद करणं जमत नसेल तर आधी काय हलवावं? 'गॅस वापरा' हा सल्ला कृपया देऊ नका, तो एजन्सीच्या भिंतीवर रंगवलेला आहे.

बांधावरची_बाभूळ
आपल्या आज्यांनी चुलीपुढं बसून बारा-बारा लेकरं काढली. कुणाला काय झालं? उगं शहरातली फॅडं गावात आणायलेत.

खडीसाखर
@बाभूळ, बारा जन्मली का बारा वाढली?

बांधावरची_बाभूळ
बरं. पुढं बोला.

स्टेथो
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, अर्धा होत नाही.

धुरातला घातक भाग म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. नाकातले केस, घशातला चिकटा यांना ते दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात. श्वासनलिकेला आतून बारीक लव असते, ती जंतू आणि घाण वर ढकलत राहते. धुरानं ती लव मंदावते. फुग्यांत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, त्या कण गिळून गिळून बोजड होतात आणि जंतू सुटतात. म्हणजे धूर न्यूमोनिया करत नाही, धूर दार उघडं ठेवतो. आत शिरतात ते जंतू. त्यात लेकराचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटी-तिपटीनं वेगवान, नळ्या अरुंद, आणि बसणं आईच्या कडेवर, म्हणजे चुलीच्या तोंडाशी.

आता हिशोब. ग्वाटेमालात २००२ ते २००४ या काळात अभ्यास झाला, २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्ध्या घरांना चिमणीची चूल दिली, बाकीच्यांची उघडी चूल तशीच. लेकरांच्या अंगावर येणारा धूर निम्मा झाला. धूर निम्मा होण्यामागं न्यूमोनिया साधारण १८ टक्क्यांनी कमी निघाला. निम्म्या धुराला निम्मा फायदा नाही, कारण धुराचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीच्या थोड्या धुरातच धोका भराभर चढतो आणि पुढं सपाट होत जातो. वरून खाली येताना म्हणूनच निम्मा धूर गेला तरी फरक थोडाच दिसतो. शेवटचा उरलेला धूर सगळ्यात महाग.

मोजमापासाठी: पीएम २.५ ची आपल्या देशातली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, जागतिक आरोग्य संघटनेची ५. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना आकडा हजाराच्या घरात जातो.

गोदाकाठ
डॉक्टर, तुम्ही सोयीचा अभ्यास सांगितला. मलावीत १० हजारांवर लेकरांवर पंख्याच्या सुधारित चुलींचा प्रयोग झाला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, न्यूमोनियात शून्य फरक. पुढं भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत थेट गॅस फुकट पुरवला. भारतातली जागा तमिळनाडू. ३,२०० गरोदर बायका. गॅस मिळालेल्या घरांत बाळांच्या अंगावरचा धूर २४ मायक्रोग्रॅम, न मिळालेल्या घरांत ६६. तरी बाळाच्या पहिल्या वर्षातल्या गंभीर न्यूमोनियात फरक दिसला नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालंय. मग सांगायचं काय लोकांना?

स्टेथो
@गोदाकाठ, मुद्दा रास्त आहे आणि तो लपवू नये. मलावीत चूल बदलली, पण कचरा जाळणं, शेजारचा धूर, बिडी तसंच राहिलं. चूलही पेटती लाकडंच खात होती. गॅसच्या प्रयोगात २४ म्हणजे अजून ५ च्या बराच वर. शिवाय तिथं ज्यांना गॅस दिला नाही त्यांच्याकडंही ६६ च होतं. आपल्याकडं पऱ्हाट्या जाळणाऱ्या कोंदट खोलीत आकडा वेगळा असतो. म्हणून मी 'गॅस घेतला की न्यूमोनिया गेला' असं कुणाला सांगत नाही. धूर हा अनेक कारणांतला एक. कमी वजनाचं बाळ, पहिले ६ महिने फक्त आईचं दूध न मिळणं, कुपोषण, एका खोलीत सात माणसं, चुकलेली लस, हे त्याच्या जोडीला बसतात.

लस विसरू नका. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने. पेंटाव्हॅलंटमध्ये हिब जंतूची लस असते: दीड, अडीच, साडेतीन महिने. ९ महिन्यांची गोवराची चुकवू नका, गोवरामागून न्यूमोनिया येतो. कार्ड काढून तारखा आत्ता बघा.

गोदाकाठ
हे पटलं. एवढंच म्हणणं होतं की आशेपायी लोकांनी चिमणी बसवून निर्धास्त होऊ नये.

माळवद
चिमणीचं निघालंच आहे तर. बसवलेल्या बऱ्याच चिमण्या वर्षभरात धूर उलटा फेकतात, आणि कारणं तीच ती असतात.

पाइप ४ इंच व्यासाचा, पत्र्याचा. जुने सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पाइप कापू-घासू नका, त्याची धूळ छातीला धुराइतकीच वाईट. पाइप सरळ वर न्या. अंगणाकडं काढायचा म्हणून काटकोनात वळवला की वळणावर काजळी साचते आणि दोन-तीन महिन्यांत भोक निम्मं होतं. छपराच्या माथ्यापेक्षा किमान २-३ फूट वर हवा, नाहीतर वाऱ्याचा झोत छपरावर आपटून खाली वळतो आणि पाइपात शिरतो. वर टोपी, टोपी आणि पाइपात चार बोटं फट. महिन्याला एकदा काठीला पोतं गुंडाळून काजळी पाडा. सकाळी थंड पाइप ओढत नाही. आधी तोंडाशी कडब्याची एक मूठ जाळून पाइप तापवा, मग लाकूड लावा.

चुलीचा वैल, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड, उघडा ठेवून चिमणी लावणं तर व्यर्थच. वैलावर भांडं नसेल तर झाकण ठेवा, धूर तिथूनच घरात येतो.

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट माळवदाच्या घरात आणखी एक जोखीम. वर तुळई, किलचण (लाकडी फळ्यांचा थर) आणि त्यावर पांढरी माती. पाइप लाकडाला टेकला तर आत धुमसत राहतं आणि बाहेर कळत नाही. भोक पाइपापेक्षा मोठं पाडा, भोवती विटा-मातीची कड करा, लाकूड वीतभर लांब ठेवा. वरून पाणी येऊ नये म्हणून पत्र्याची कॉलर.

आणि एक गोष्ट कुणी बघत नाही. गरम धूर आधी वर जातो, माळवदाखाली थर करतो आणि तो थर हळूहळू खाली उतरतो. उभं राहिलं की डोळे झोंबतात, खाली बसलं की कमी. आता स्वयंपाकघरातल्या तुळईला साडीची झोळी बांधली तर बाळ कुठं आलं? जमिनीवर निजवलेल्या बाळापेक्षा वर, धुराच्या थराजवळ.

खडीसाखर
बापरे. झोळीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

भाकरतुकडा
चूल न सुटण्याचं खरं कारण भाकरी आहे, पैसा दुसरा. गॅसवरची भाकरी कडक होते, फुगत नाही, म्हातारी माणसं बाजूला सारतात. दोष गॅसचा कमी, पद्धतीचा जास्त.

१. पातळ तवा गॅसवर मधोमध तापतो, कडा थंड. जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा घ्या, मोठ्या बर्नरवर ४-५ मिनिटं मध्यम आचेवर आधी तापू द्या.
२. पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा हवा. ज्वारी दळून दोन-तीन आठवडे झाले की विरी जाते, भाकरी चिरते. चुलीवर ती कशीबशी निभते, गॅसवर उघडी पडते. पीठ थोडं थोडं दळा, नाहीतर उकळत्या पाण्यानं मळा.
३. भाकरी तव्यात टाकली की वरून पाण्याचा हात लगेच फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा, उशीर केला की भेगा.
४. तिसरी बाजू चुलीत निखाऱ्याला लावतो तशी गॅसच्या ज्योतीवर जाळी ठेवून लावा. इंडक्शनवर हे होत नाही, तिथं तव्यातच फडक्यानं कडा दाबायच्या.

काढणीच्या दिवसांत २५-३० भाकरी लागतात, तिथं हे सगळं पुस्तकी वाटेल. मान्य. तेव्हा चूल अंगणातच हवी.

बांधावरची_बाभूळ
तरी चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही. हे लिहून घ्या.

भाकरतुकडा
लिहून घेतलं. म्हणूनच तर हॉटेलवाले 'चुलीवरची'चे दोन पैसे जास्त लावायलेत, आणि तिथं चुलीपुढं बसलेल्या बाईचं लेकरू तिथंच मागं निजलेलं असतं.

हिशोबनीस
भाकरीवर एवढं बोललात, पण खरं जळतण पाण्याला जातं. सकाळचा बंब किंवा चुलवण दीड-दोन तास पेटलेलं असतं आणि ओलंसुकं सगळं त्यातच जातं, कारण 'पाणीच तर तापवायचंय'.

पाच माणसं, माणशी १५ लिटर, म्हणजे ७५ लिटर. २० अंशांनी तापवायचं तर १५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १.७५ युनिट वीज. तेच गॅसवर ६० टक्के कार्यक्षमता धरून रोज साधारण २३० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोची टाकी निव्वळ पाण्यावर दोन महिन्यांत संपते. गॅसवर पाणी तापवत नाहीत ते कंजूषपणानं नाही, हिशोबानं.

१५०० वॅटच्या कॉइल हीटरला २० लिटरची बादली तापवायला २० मिनिटांच्या आसपास. तुमच्या घरी युनिटला काय पडतं ते बिलात बघा आणि १.७५ नं गुणा. छतावर १००-२०० लिटरचा काळा ड्रम ठेवला तर आपल्या उन्हात दुपारी चारपर्यंत पाणी कोमट होतं. लहान लेकरांची अंघोळ सकाळी सातलाच हवी असं कुठं लिहिलंय? दुपारी घाला. थंडी कमी, धूर शून्य.

तुराटी
@हिशोबनीस, हे कामाचं. बायोगॅसचं काय? गुरं तर आहेत.

हिशोबनीस
२ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे दावणीला ४-५ जनावरं, आणि तेवढंच पाणी. चार-पाच माणसांचा स्वयंपाक निघतो. पाणी हाच आपला अडसर. गाव टँकरवर गेलं की रोज ५० लिटर शेणात कोण ओतणार? थंडीत गॅसही कमी पडतो. बाकी चुका ठरलेल्या: पाइपाच्या खोलगट भागात पाणी साचून ज्योत फडफडते, तिथं पाणी काढायचा नळ लावा, आणि एलपीजीची शेगडी तशीच जोडू नका, बायोगॅसला मोठ्या छिद्राचा बर्नर लागतो.

कोयता_गाडी
तुमचं सगळं पक्क्या घराचं चाललंय. बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांचं काय? दिवाळीच्या आगंमागं निघायचं, मार्चपर्यंत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत. रात्री तीनला चूल पेटते, जळतण उसाचं पाचट. पाचट भसकन पेटतं आणि भसकन विझतं, म्हणून सारखं घालावं लागतं, आणि दर मुठीला धुराचा लोट. लेकरू दोन हातांवर ताडपत्रीत निजलेलं.

तिथं निदान एवढं होतं. कोपीचं तोंड वाऱ्याकडं पाठ करून, आणि चूल कोपीच्या वाऱ्याखालच्या अंगाला. मूठभर माती उडवून वारा बघा, धूर कोपीवरून जाता कामा नये. पाचट फक्त पेटवायला, वर बाभळीची वाळकी फोड. ५ किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मात्र बाजारभावानं, त्यावर सबसिडी नाही. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२१ पासून, स्थलांतरितांना रेशनकार्डाऐवजी स्वयंघोषणा चालते. मुकादमाला हे माहीत असतं, सांगत नाही.

पाळणाघर
बाळंतिणीच्या खोलीबद्दल कुणीच बोललं नाही. गरोदर बाईचा धूर बाळाच्या वजनावर जातो आणि कमी वजनाच्या बाळाला न्यूमोनिया लवकर गाठतो. त्यानंतर सव्वा महिना काय चालतं? दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, अंघोळीनंतर बाळाला वेखंड-ओवा-धूप टाकून धुरी, संध्याकाळी डासांसाठी कडुलिंबाचा पाला नाहीतर कॉइल. आख्ख्या घरात सगळ्यात जास्त धूर सगळ्यात लहान माणसाच्या खोलीत.

निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून लोक बिनघोर असतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. शेक हवा तर गरम पाण्याची पिशवी. बाळाला ऊब हवी तर आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण, डोक्याला टोपडं. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, असं मोजमाप प्रसिद्ध आहे. मच्छरदाणी लावा. सासूबाईंना 'धुरी बंद' म्हणू नका, भांडण होतं. 'धुरी अंगणात, बाळ आत' म्हणा, वासही राहतो आणि मानही.

खडीसाखर
@पाळणाघर ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

पाळणाघर
आणि श्वास मोजायला प्रत्येक घरात एकाला तरी यायला पाहिजे. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना, रडत वा पीत नसताना, पोटावरचं कापड वर करून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान लेकराचा श्वास एका तालात नसतो.

२ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त: हा वेगवान श्वास. तान्ह्याचा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. श्वास आत घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जात असेल, म्हणजे पसली उडत असेल, दूध-पाणी घेत नसेल, सगळं उलटत असेल, झटके येत असतील, गळून गेलं असेल, तर मोजत बसू नका. थेट दवाखाना, रात्र असली तर १०८. पोटावर बिब्बा, चटके, डाग यात जो तास जातो तोच महाग पडतो.

स्टेथो
याला दुजोरा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं, बालमृत्यू घटले. १९९० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आकडे न येणाऱ्यांसाठी मण्यांचं साधन होतं. आज आशाताई तेच करतात, त्यांना घरी बोलवा. उरलेल्या बाटलीतलं अँटिबायोटिक मात्र स्वतः देऊ नका.

तुराटी
आता मूळ प्रश्नाकडं. असं घर धरा: दोन खोल्यांचं माळवद, चूल आतल्या खोलीत, आठ महिन्यांचं लेकरू, महिन्याला एकच टाकी परवडते. उज्ज्वलाच्या सबसिडीचे पैसे मागून खात्यात येतात, पण आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. क्रम काय?

माळवद
चूल अंगणात, दारापासून दहा पावलं, छपरी टाकून. थंडीत सकाळी धूर गावावरच बसतो, तेवढा वेळ लेकराच्या खोलीचं दार लावा.

हिशोबनीस
मी पाणी आधी म्हणेन. तासांच्या हिशोबानं सगळ्यात जास्त धूर तिथं, आणि सासूची चव आड येत नाही.

स्टेथो
दोघांच्या आधी लेकरू हलवा. आज, बिनपैशाचं. चूल पेटल्यापासून विझून धूर बाहेर जाईपर्यंत ते त्या खोलीत नको. मग पाणी. भाकरी शेवटी. पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी आणि टायरचा तुकडा आजपासून बंद. गॅसची ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं साफ करा, निळीच हवी. आणि गॅसलाही खिडकी उघडी ठेवा.

बांधावरची_बाभूळ
ते कॉइल हीटरचं २० मिनिटं म्हणलात. आमच्याकडं सकाळी १८० च्या वर व्होल्टेज येत नाही. तरी २० च का?

हिशोबनीस
नाही. व्होल्टेजच्या वर्गानं ताकद घटते. २३० ला १५०० वॅट, तर १८० ला ९२० च्या आसपास. बादलीला अर्धा तास धरा. बादली प्लॅस्टिकची, अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं सॉकेट, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. वायर गरम लागली तर जोड ढिला आहे, आधी तो बघा.

बांधावरची_बाभूळ
अर्धा तास चालतंय. बंबाला तर नुसतं पेटायलाच तेवढा लागतो.